रकाना सरकतो तेव्हा

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी महाराष्ट्रातील कोणत्याही बाजारपेठेत सापडते. तिच्यातील गंमत ‘उद्या’ या एका शब्दात आहे. पाटीवर तारीख नसते. वाचणारा ज्या दिवशी उभा असेल, त्या दिवसापासून एक दिवस पुढे, एवढेच ती सांगते. सोमवारी वाचली तर मंगळवार आणि मंगळवारी वाचली तर बुधवार. पाटी तीच राहते, पण तिचा रोख दररोज एक घर पुढे सरकतो आणि म्हणूनच उधारीचा दिवस कधी उजाडत नाही. याउलट हुंडीवर किंवा धनादेशावर लिहिलेली तारीख कोणीही, केव्हाही वाचली तरी तीच असते.

संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये सूत्र लिहिणाऱ्याला नेमका हाच भेद कळावा लागतो. आज बहुतेक व्यापारी घरांत विक्रीचे गोषवारे, दरपत्रके, बँकेला द्यावयाची विवरणे आणि भागीदारांच्या खात्यांचे व्याज एक्सेलमध्ये किंवा तत्सम प्रणालीत मांडले जाते. एप्रिलच्या रकान्यात एक सूत्र लिहायचे आणि ते ओढत मार्चपर्यंत न्यायचे, ही सोय सर्वांच्या हातवळणी पडली आहे. ओढताना त्या सूत्राच्या पोटात काय घडते, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

घडते ते असे. पाचव्या ओळीत विक्री व सहाव्या ओळीत खरेदी आहे आणि बी रकाना एप्रिलचा आहे, असे समजू. सातव्या ओळीत =बी५-बी६ असे सूत्र लिहिले, तर आपल्याला वाटते की संगणकाने ‘बी५’ हे नाव ध्यानात ठेवले. व्यवहारात त्याने ध्यानात ठेवलेले असते ते अंतर : ‘माझ्यापासून दोन घरे वर, उणे माझ्यापासून एक घर वर.’ म्हणून हेच सूत्र मे महिन्याच्या सी रकान्यात नेले की ते आपोआप =सी५-सी६ होते. मार्चच्या एम रकान्यात ते =एम५-एम६ होते. बारा सूत्रे लिहिण्याचे काम एका सूत्रात आटोपते. (येथे अक्षरे नागरीत छापली आहेत. संगणकावर रकान्यांची व फलनांची नावे रोमन लिपीत टंकित करावयाची असतात, हे सांगणे नलगे.)

या पद्धतीला सापेक्ष संदर्भ म्हणतात. स्वाध्यायाला बसणाऱ्या वाचकांना हा शब्द परका वाटू नये. एकच मनुष्य पुत्राच्या अपेक्षेने पिता असतो आणि पित्याच्या अपेक्षेने पुत्र, हे अनेकान्ताचे उदाहरण पाठशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. एकच सूत्र बी रकान्याच्या अपेक्षेने एप्रिलचा नफा सांगते आणि सी रकान्याच्या अपेक्षेने मेचा. मात्र तत्त्वज्ञानाशी साम्य येथेच थांबवलेले बरे, कारण हिशेबात काही गोष्टी कोणत्याही अपेक्षेने बदलता कामा नयेत. व्याजाचा दर, बँकेचे मार्जिन, कराचा टक्का हे आकडे एका ठिकाणी लिहिलेले असतात आणि सर्व रकान्यांनी तेथेच जाऊन ते वाचायचे असतात. अशा वेळी घराचे नाव डॉलरच्या चिन्हाने बांधावे लागते : $बी$१. या डॉलरचा अमेरिकेच्या चलनाशी काहीही संबंध नाही. ती केवळ खुंटी आहे. अक्षरापूर्वीची खुंटी रकाना बांधते, आकड्यापूर्वीची खुंटी ओळ बांधते.

स्प्रेडशीटच्या इतिहासात ही खुंटी थोडी उशिरा आली. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन यांना फळ्यावरचा कोष्टकवजा हिशेब संगणकावर आणण्याची कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टन यांच्यासह त्यांनी केलेली व्हिसिकॅल्क ही प्रणाली १९७९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी बाजारात आली. तीत सूत्राची नक्कल करताना संगणक प्रत्येक संदर्भाबद्दल विचारीत असे : हा सापेक्ष धरायचा की आहे तसाच ठेवायचा? उत्तर दरवेळी द्यावे लागे. पुढे १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ मध्ये डॉलरचे चिन्ह सूत्रातच लिहिण्याची सोय होती आणि एक्सेलनेही तीच रीत चालविली. सोय वाढली, प्रश्न विचारणे थांबले. जुन्या प्रणालीचा तो प्रश्न कंटाळवाणा होता खरा, पण तो वापरणाऱ्याला क्षणभर विचार करायला लावीत असे. आता तो विचार न विचारता स्वतःच करावा लागतो.

तो न केल्यास काय होते, याचे सर्वांत महागडे उदाहरण बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याच्या विवरणात सापडते. दरमहा द्यावयाच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर काढली जाते. उधारीचा भाग सोपेपणासाठी बाजूला ठेवू. गोदामातील मालाची किंमत घ्यायची, त्यातून त्याच मालापोटी पुरवठादारांचे देणे असलेली रक्कम वजा करायची आणि उरलेल्यातून मार्जिन कापायचे. मार्जिन २५ टक्के आहे आणि ते बी१ या घरात लिहिले आहे असे समजा. चौथ्या ओळीत माल, पाचव्या ओळीत देणे. एप्रिलमध्ये माल ४८,००,००० रुपयांचा व देणे ८,००,००० रुपयांचे. सहाव्या ओळीत सूत्र लिहिले : =(बी४-बी५)*(१-बी१). उत्तर ३०,००,००० रुपये, अगदी बरोबर.

आता मेचा माल ५२,००,००० आणि देणे ८,००,०००. सूत्र एक रकाना उजवीकडे ओढले की ते =(सी४-सी५)*(१-सी१) होते. माल व देणे यांचे संदर्भ हवे तसे सरकले, परंतु त्यांच्याबरोबर मार्जिनही सरकले आणि सी१ हे घर रिकामे आहे. रिकामे घर म्हणजे संगणकाच्या लेखी शून्य. मार्जिन शून्य धरले गेले आणि उत्तर आले ४४,००,०००. खरे उत्तर ३३,००,००० आहे. अकरा लाखांचा फरक पडला आणि पडद्यावर कोठे लाल रंग नाही, सूचना नाही, काही नाही.

बँकेचा अधिकारी आपला हिशेब स्वतंत्रपणे करतो, तेव्हा बँकेची फसगत सहसा होत नाही. फसगत होते ती दुकानदाराची. आपल्याला अजून अकरा लाख उचलता येतील या समजुतीवर तो सुरतेला किंवा इचलकरंजीला मालाची मागणी नोंदवितो, धनादेश देतो आणि तो धनादेश ‘एक्सीड्स अरेंजमेंट’ असा शेरा घेऊन परत येतो. वर्षानुवर्षांचा पुरवठादार असतो, पेढीचा शब्द बाजारात चालत असतो, आणि तो शब्द एका न बांधलेल्या घरामुळे खाली पडतो. शिवाय बँकेच्या फाइलमध्ये चुकीचे विवरण राहते ते निराळेच. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ते कोणीतरी उघडतेच, आणि चूक हातून झाली की हेतूने, हे कागदावरून कळत नाही.

उपाय चार अक्षरांचा आहे : =(बी४-बी५)*(१-$बी$१). मेमध्ये त्याचे =(सी४-सी५)*(१-$बी$१) होते आणि मार्चपर्यंत मार्जिन जागचे हलत नाही. सूत्र लिहिताना बी१ वर असतानाच एफ४ ही कळ दाबली की डॉलर आपोआप उमटतात. पुन्हा दाबली तर केवळ ओळ बांधली जाते, आणखी एकदा दाबली तर केवळ रकाना, चौथ्यांदा सर्व मोकळे. कोणी सूत्रातच (१-०.२५) असे लिहून मोकळे होतात. तसे करू नये. बँकेने मार्जिन ३० टक्के केले तर बारा ठिकाणी जाऊन दुरुस्ती करावी लागते आणि एखादे ठिकाण राहतेच.

केवळ ओळ किंवा केवळ रकाना बांधायचा तो कशासाठी, हा प्रश्न दरपत्रक करताना सुटतो. बी रकान्यात चौथ्या ओळीपासून खाली वस्तूंचे मूळ दर आहेत. तिसऱ्या ओळीत सी, डी व ई रकान्यांत सुटीचे टक्के आहेत : किरकोळ गिऱ्हाइकास २, फेरीवाल्यास ५, मोठ्या दुकानदारास ८. पहिल्या साडीचा दर ६४० रुपये. सी४ मध्ये =बी४*(१-सी३) लिहिले तर ६२७.२० हे उत्तर बरोबर येते. उजवीकडे ओढताच डी४ मध्ये =सी४*(१-डी३) होते. म्हणजे फेरीवाल्याची पाच टक्के सूट मूळ ६४० वर न बसता आधीच सूट दिलेल्या ६२७.२० वर बसते आणि ६०८ ऐवजी ५९५.८४ हा दर छापला जातो. ई रकान्यात तर तिन्ही सुटी एकावर एक चढतात : ५८८.८० ऐवजी ५४८.१७. नगामागे चाळीस रुपये त्रेसष्ट पैसे हातचे गेले, आणि दर ‘दिसायला’ ठीकच आहे. मोठ्या दुकानदाराला कमी दर, हे तर अपेक्षितच असते. तो काही तक्रार करायला येणार नाही.

गंमत अशी की हेच सूत्र खाली ओढले तर चूक लपत नाही. दुसऱ्या साडीचा दर १,२५० असेल तर सी५ मध्ये =बी५*(१-सी४) होते, म्हणजे ६२७.२० हाच सुटीचा टक्का समजला जातो आणि उत्तर उणे ७,८२,७५० येते. असा आकडा शेंबडे पोरही पकडील. खाली जाणारी चूक ओरडते आणि आडवी जाणारी चूक कुजबुजतही नाही. रकान्यांतून ओढलेल्या सूत्रांकडे अधिक बारकाईने पाहायचे ते याचसाठी. येथे हवे ते असे : दराचा रकाना बी हलू नये, पण ओळ खाली सरकावी. सुटीची ओळ ३ हलू नये, पण रकाना उजवीकडे सरकावा. म्हणून =$बी४*(१-सी$३). हे एक सूत्र आडवे व उभे दोन्हीकडे ओढले तरी तीनशे वस्तूंचे दरपत्रक बिनचूक भरते. हे पटत नसेल त्याने कोऱ्या पानावर पहिल्या रकान्यात १ ते १० आणि पहिल्या ओळीत १ ते ३० लिहून =$ए२*बी$१ या एकाच सूत्राने पाढ्यांचा तक्ता करून पाहावा. घरातल्या मुलांना हा खेळ आवडतो.

काय बांधावे आणि काय मोकळे सोडावे हे ठरविण्याची रीत मात्र संगणकाहून बरीच जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. त्याच्या आरंभी भगवान महावीरांना वंदन आहे. प्रा. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह तो १९१२ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केला. त्रैराशिकाला त्यात स्वतंत्र स्थान आहे. त्रैराशिकात प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी असतात. पाच मणांना अमुक रुपये, तर बारा मणांना किती? पाच मण हे प्रमाण, त्यांची किंमत हे फल, बारा मण ही इच्छा. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागायचे. प्रमाण आणि फल एकदाच ठरतात, इच्छा गिऱ्हाइकागणिक बदलते. बी१ मध्ये फल आणि बी२ मध्ये प्रमाण असेल, तर सूत्र =$बी$१*बी४/$बी$२. दोन राशींना खुंट्या, इच्छा मोकळी. सूत्र लिहिण्यापूर्वी ‘यातली इच्छा कोणती?’ एवढे मनाशी विचारले तरी डॉलर कोठे द्यायचा ते बहुधा कळते.

काही वेळा एकाच संदर्भाचे एक टोक बांधून दुसरे मोकळे ठेवावे लागते. चढत्या बेरजेत तसे होते. पाचव्या ओळीत मासिक विक्री आहे आणि सहाव्या ओळीत एप्रिलपासून त्या महिन्यापर्यंतची एकूण विक्री हवी आहे. बी६ मध्ये =सम($बी५:बी५) लिहावे. सी६ मध्ये ते =सम($बी५:सी५) होते, डी६ मध्ये =सम($बी५:डी५). पल्ला एका बाजूने एप्रिलला धरून राहतो आणि दुसऱ्या बाजूने महिन्यागणिक लांबतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या लहान दुकानदाराने ही ओळ अवश्य ठेवावी. महाराष्ट्रात या योजनेची दीड कोटी रुपयांची मर्यादा वर्षाच्या मध्ये कोणत्याही दिवशी ओलांडली जाऊ शकते आणि त्याच दिवसापासून योजनेचा पर्याय संपतो. मार्चच्या शेवटी बेरीज करून ते कळण्यात अर्थ नाही.

आता तिमाहीची गोष्ट, जी वरवर सर्वांत निरुपद्रवी दिसते. बी ते एम या बारा रकान्यांत एप्रिल ते मार्चची विक्री आहे. बाजूच्या चार रकान्यांत चार तिमाह्यांची बेरीज हवी. पहिल्यात =सम(बी५:डी५) लिहिले, म्हणजे एप्रिल ते जून. उत्तर बरोबर. मग सवयीने ते तीन घरे उजवीकडे ओढले. सूत्र दरवेळी एकच रकाना सरकते, तीन नव्हे. दुसऱ्या घरात =सम(सी५:ई५) येते, म्हणजे मे ते जुलै. तिसऱ्यात जून ते ऑगस्ट, चौथ्यात जुलै ते सप्टेंबर. चारही घरांत तीन-तीन महिन्यांची बेरीज आहे, आकडे एकमेकांना शोभणारे आहेत, वर ‘चौथी तिमाही’ असे शीर्षकही आहे. चौघांची एकूण बेरीज केली तरी बारा महिनेच भरतात. एप्रिल एकदा, मे दोनदा, जून तीनदा, जुलै तीनदा, ऑगस्ट दोनदा, सप्टेंबर एकदा. ऑक्टोबर ते मार्च एकदाही नाही. म्हणजे ज्या हंगामासाठी कापडवाला आणि भांडेवाला वर्षभर वाट पाहतो, ती दिवाळी आणि त्यानंतरची लग्नसराई या कोष्टकात आलेलीच नसते. या कोष्टकावरून पुढच्या वर्षीच्या खरेदीचा अंदाज बांधणाऱ्या पेढीला दिवाळीच्या तोंडावर माल कमी पडला, तर दोष बाजाराला दिला जाईल.

यावर सूत्राने उपाय करता येतो. कॉलम्स हे फलन दिलेल्या पल्ल्यात किती रकाने आहेत ते मोजते. कॉलम्स($ए:ए) चे उत्तर १, ते एक घर उजवीकडे नेले की कॉलम्स($ए:बी) होऊन उत्तर २, पुढे ३. एका बाजूला बांधलेला हा पल्ला म्हणजे आपोआप चढणारा क्रमांक. त्याला तीनाने गुणून रकान्याची जागा काढता येते : =सम(इन्डेक्स($बी५:$एम५,कॉलम्स($ए:ए)*३-२):इन्डेक्स($बी५:$एम५,कॉलम्स($ए:ए)*३)). पहिल्या घरात हे पहिला ते तिसरा महिना घेते, दुसऱ्यात चौथा ते सहावा. उभ्या यादीतील आकडे आडव्या रकान्यांत हवे असतील तेव्हाही हीच युक्ती उपयोगी पडते. बी२ ते बी१३ या घरांत खालोखाल लिहिलेले बारा महिन्यांचे भाडे =इन्डेक्स($बी$२:$बी$१३,कॉलम्स($ए:ए)) या सूत्राने आडवे मांडता येते.

तरीही तिमाह्या चारच असतात. चार साधी सूत्रे हाताने लिहिण्यास एक मिनिट लागते आणि ती मुनीमजींना, सी.ए.च्या कार्यालयातील मुलाला आणि दहा वर्षांनी पेढीवर बसणाऱ्या नातवालाही वाचता येतात. लांबलचक सूत्र लिहिणारा हुशार ठरतो हे खरे, पण तो सुटीवर गेला की पेढी अडते. शंभर दुकानांचा गोषवारा करायचा असेल तर युक्ती वापरावी, चार घरांसाठी नको. कोणतीही रीत वापरली तरी शेजारी एक पडताळ्याचे घर असावे : चार तिमाह्यांची बेरीज वजा =सम(बी५:एम५). तेरीज मिळवताना जमा आणि नावे यांतील फरक शून्य यावा लागतो, तसेच येथेही शून्यच यावे.

पडताळ्याचा दुसरा मार्ग म्हणजे सूत्रे उघडी करून पाहणे. कंट्रोल कळ धरून आकडा १ च्या डावीकडील कळ दाबली की आकड्यांऐवजी सर्व घरांतील सूत्रे दिसू लागतात. पुन्हा दाबली की आकडे परत येतात. एखाद्या घरात सूत्राऐवजी कोणी हाताने आकडाच लिहून ठेवला असेल तर तोही तेव्हा उघडा पडतो. एवढा वेळ नसेल तर निदान शेवटचे घर पाहावे. मार्चच्या घरावर जाऊन एफ२ दाबले की सूत्रातील प्रत्येक संदर्भाभोवती रंगीत चौकट उमटते. ती चौकट मार्चच्याच रकान्यात आहे का आणि दराची चौकट दराच्याच घरावर आहे का, हे डोळ्यांनी दिसते. पहिले घर नेहमीच बरोबर असते, कारण ते माणसाने लिहिलेले असते. ओढलेल्या सूत्राची परीक्षा शेवटच्या घरात होते.

नक्कल करणे आणि हलविणे यांतील फरकही ध्यानात असावा. सूत्र कॉपी करून दुसरीकडे चिकटविले तर मोकळे संदर्भ सरकतात. कट करून हलविले तर ते जसेच्या तसे राहतात. तसेच मध्येच नवा रकाना घातला तर डॉलर असो वा नसो, संगणक सर्व संदर्भ सांभाळून घेतो. खुंटी आहे ती नकलेपुरती. अधिक महिन्यासारखा एखादा जादा रकाना कोष्टकात घालावा लागला तर त्यामुळे मार्जिन हरवेल, ही भीती बाळगू नये.

लॅपटॉपवर एफ४ दाबूनही डॉलर उमटत नसेल तर ‘एफएन’ ही कळ सोबत धरावी. दुकानातल्या गडबडीत मोबाइलवर कोष्टक भरणाऱ्यांना ही कळ मिळत नाही. त्यांनी डॉलर हाताने टंकित करावा आणि मगच सूत्र ओढावे.